एकवीस किलो चारशे

मार्च. लुलेओची खाडी अजून गोठलेली,
लोक तिच्यावरून कुत्री फिरवून आणतात,
आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
ऑगस्ट पसरून बसलोय.

नकाशाचे चार कोपरे वर उठतात, म्हणून दाबलेत:
मीठदाणी, चष्म्याचं घर, स्टोव्हचा बर्नर,
आणि खालच्या मजल्यावरून आलेली
लिंगनबेरीच्या मुरंब्याची बाटली,
जी न्यायची नाही.

सारेक. आखलेली पायवाट नाही, खुणेचे खांब नाहीत,
मुक्कामाला खोपटं नाही. पूल एखाददुसरा,
तोही असला तर असला.
माहितीपत्रकात एक शब्द ठळक छापलाय: निर्जन.
तेवढा वाचूनच मी रजेचा अर्ज भरला.
अठ्ठावीस वर्षं फिरत्या वाचनालयाची बस चालवली,
एकही थांबा असा नव्हता
जिथे कुणी हात करून उभं नसेल.

काट्यावर एकेक चढतंय.
तंबू, दोन किलो शंभर.
दोर. सुकं मांस. डासांची जाळी, नगण्य.
दात घासायच्या ब्रशची दांडी कापली,
सहा ग्रॅम वाचले.
सहा ग्रॅमचा आनंद एकट्याला पचत नाही,
जिना उतरून रिस्तिनला सांगितला.

रिस्तिन, वय चौऱ्याऐंशी,
कठडा धरून वर आली, थोटा ब्रश पाहिला,
हसली नाही.
नकाशावर वाकली, चष्म्याशिवाय,
आणि कागद जिथे नुसता पांढरा होता
तिथे बोट टेकवलं.

"इथे आई जन्मली. जूनमध्ये, भुरभुर बर्फात.
इथे रेनडिअरची पाडसं मोजायचो,
मोजून झाली की परत मोजायचो.
या ओढ्यात थोरल्याचा बूट वाहून गेला,
तो रडला नाही, म्हणून सगळे घाबरलो.
आणि इथे..."
बोट थांबलं.
"इथे काही नाही. वारा फार."

मग माझी लाल रेघ तिला दिसली. सहावा दिवस, नदी.
"किती वाजता उतरणार पाण्यात?"
दुपारी, म्हटलं, ऊन असेल.
"ऊन बर्फालाही लागतं रे.
रात्री वरचा बर्फ आखडून पडतो, पहाटे पाणी गुडघ्याखाली.
दुपारी तेच कमरेला मिठी मारतं.
चारला ऊठ. काठावर बस. बघ.
नको म्हणाली तर थांब एक दिवस."

थांबण्याचा दिवस माझ्या यादीत नव्हता.

दारापर्यंत गेली, वळली.
"बर्च संपतात ना, त्या वळणावर आमची चूल आहे.
दगडांचं रिंगण, शेवाळानं धरलं असेल.
एखादा दगड निसटला असेल तर जागेवर सरकव.
कॉफी तिथेच उकळ. पहिली धार आईला."
मी म्हटलं, विरघळणारी पूड घेतलीय, चाळीस ग्रॅम.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी पाहायचो
पानं फाटलेलं पुस्तक गुपचूप परत करणाऱ्यांकडे.

रात्री माहितीपत्रक पुन्हा काढलं.
त्या शब्दावर पेन टेकवलं, शाईचा ठिपका उमटला,
खोडवेना.
समासात लिहिलं:
सहावा दिवस, नदीला विचारणे.
सातवा, थांबावं लागलं तर आठवा, चूल.
रिंगणाच्या आत पाय टाकायचा का?
हे विचारायचं राहिलं.

आणि वजनं परत सुरू.
किटली, तीनशे दहा.
खरी कॉफी, पाव किलो.
थोट्या ब्रशकडे बघवत नाही.
एकवीस किलो चारशे.
डॉक्टर अठराच्या पुढे नको म्हणाले होते,
डाव्या गुडघ्याकडे बोट करून.

नकाशाची घडी घालायला गेलो
तर एक कोपरा अजून दाबलेलाच.
बाटली, काचेची, भरलेली.
काट्यावर ठेवली नाही.
लोकरी मोज्यात गुंडाळून पाहिली,
पिशवीच्या मधोमध, कपड्यांच्या पोटात.
बसली.